पंखा बंद करून मोजलेले आकडे

मामांचा अ‍ॅम्प माझ्याकडे आला तेव्हा त्याचा डावा चॅनल मेलेला होता. १९८०च्या दशकात त्यांनी तो घरीच बनवला होता. जाड पत्र्याची पेटी, हाताने रेघा आखून कोरलेला पीसीबी, मागे अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्यावर चार २एन३०५५. चपट्या स्टीलच्या टोपीसारखा दिसणारा हा ट्रान्झिस्टर एकेकाळी आपल्याकडच्या घरगुती अ‍ॅम्पमध्ये सर्रास असायचा.

जळलेली जोडी काढताना एक गोष्ट दिसली. प्रत्येक टोपीवर ऑइलपेंटने बारीक आकडा लिहिलेला होता. डाव्या चॅनलवर ४१ आणि ४३, उजव्यावर ५८ आणि ५६. मी फोन लावला.

“मामा, हे आकडे कसले?”

“गेन आहे तो. ढीगभर आणून त्यातून जोड्या लावल्या होत्या.”

“मी तर दुकानातून कुठलेही दोन आणले आणि बसवले. चालू झाला.”

“अगं, चालणारच. पण मी पंखा बंद करून मोजले होते.”

पंख्याचा काय संबंध, ते तेव्हा कळलं नाही. दुसरी गोष्ट जास्त खटकली. न मोजता बसवलेल्या जोडीचा आवाज मला मोजून लावलेल्या जोडीइतकाच चांगला वाटत होता. मग मामांची ती मेहनत फुकट होती का? या प्रश्नाचं उत्तर शोधत मी जवळजवळ शंभर वर्षं मागे गेले.

एकाच पाकिटातले वेगळे

आधी स्वतः करून बघण्यासारखी एक गोष्ट. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा आणि वीस बीसी५४७ घ्या. वीसही काळे, तीन पायांचे, वर तेच नाव छापलेले. घरी येऊन मल्टिमीटरच्या ‘एचएफई’ लिहिलेल्या खाचेत एकेक घालून बघा. जवळजवळ प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल.

हा आकडा म्हणजे गेन. ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये जेवढा करंट दिला, त्याच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो, ते तो सांगतो. आकडे वेगळे आले म्हणून कुणी फसवलं असं नाही. बीसी५४७च्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की गेन ११० ते ८०० यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. नावाच्या शेवटी ‘ए’ असेल तर ११० ते २२०, ‘बी’ असेल तर २०० ते ४५०, ‘सी’ असेल तर ४२० ते ८००. म्हणजे ‘बी’ गटातल्या दोन सख्ख्या भावांमध्येही दुपटीहून जास्त फरक असू शकतो. ट्रान्झिस्टरच्या आतला बेसचा थर अतिशय पातळ असतो आणि त्यात मिसळलेली भेसळही मोजूनमापून असते. त्यात किंचित फरक पडला की गेन बदलतो.

रेझिस्टरचंही तेच. शेवटचा पट्टा सोनेरी असेल तर किंमत ५ टक्के इकडेतिकडे, चंदेरी असेल तर १० टक्के, पट्टाच नसेल तर २० टक्के. त्या रंगीत पट्ट्यांमध्ये कारखान्याने ‘आम्हाला इतकंच जमतं’ असं लिहूनच दिलेलं असतं.

एलईडी पेटवायला किंवा रिले ओढायला या फरकाने काही बिघडत नाही. पण ध्वनीच्या सर्किटमध्ये काही जागा अशा असतात जिथे दोन भागांनी एकमेकांचं प्रतिबिंब व्हायचं असतं. तिथे फरक ऐकू येतो.

करवतीवरचे दोघे

लाकूड कापणारी मोठी करवत दोघं जण चालवतात. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, मग उलट. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अशीच दोन व्हॉल्व्हची जोडी लावायची कल्पना फार जुनी आहे. एडविन कोल्पिट्स या अमेरिकन इंजिनिअरला अशा पुश-पुल सर्किटचं पेटंट १९१५ मध्ये मिळालं.

या जोडीचे फायदे दोन. एकेकट्या व्हॉल्व्हच्या वाकडेपणातून जे जास्तीचे स्वर तयार होतात, त्यातले दुप्पट, चौपट कंपनांचे स्वर दोघांमध्ये उलटसुलट येतात आणि एकमेकांना खोडून टाकतात. दुसरं म्हणजे, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून दोघांचा स्थिर करंट विरुद्ध दिशांनी वाहतो, त्यामुळे त्याचा लोखंडी गाभा चुंबकित होत नाही.

पण हे सगळं दोघं सारखे असतील तरच. समजा एक व्हॉल्व्ह ५५ मिलिअँपिअर खातो आणि दुसरा ४०. मग १५ मिलिअँपिअरचं शिल्लक ओझं गाभ्यावर कायम बसून राहतं. त्याचा त्रास सगळ्यात आधी खालच्या स्वरांना होतो. तबल्याचा बायाँ गुदमरल्यासारखा वाटायला लागतो.

इथून जोड्या जुळवण्याची गरज सुरू झाली. व्हॉल्व्हच्या बाबतीत तर दुहेरी अडचण होती. आज जुळलेली जोडी तापत, झिजत जाते आणि दोघे एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. म्हणून मोजून निवडलेल्या जोडीसोबत समतोल साधायचा एक स्क्रूही सर्किटमध्ये ठेवायची पद्धत पडली.

फेरीबोटीवरची कल्पना

जुळवाजुळवीला दुसरी वाट सापडली ती २ ऑगस्ट १९२७ रोजी. बेल लॅब्जमधले हॅरॉल्ड ब्लॅक फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामाला निघाले होते. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक अनेक अ‍ॅम्प्लिफायर लागायचे आणि प्रत्येकाचा थोडा थोडा दोष साचत जायचा. त्यावरचा उपाय ब्लॅकना बोटीवर सुचला आणि त्यांनी तो हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच लिहून काढला.

तो उपाय म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा छोटा हिस्सा परत आणायचा आणि आत येणाऱ्या सिग्नलमधून वजा करायचा. अ‍ॅम्पने काही चूक केली असेल तर ती या वजाबाकीत पकडली जाते आणि दुरुस्त होते. बदल्यात गेन कमी होतो. थोडक्यात, ताकद विकून शिस्त विकत घ्यायची.

आतले भाग थोडे वेगळे असले तरी आता चालत होतं, कारण फरकाचा मोठा भाग फीडबॅक गिळून टाकत होता. माझ्या न मोजलेल्या जोडीला नेमकं यानेच सांभाळून घेतलं होतं.

मग जुळवण्याची गरज संपली का? नाही. ती सरकली. चूक पकडायची तर दोन सिग्नल शेजारी ठेवून त्यांची तुलना करावी लागते. ही तुलना करण्यासाठी ट्रान्झिस्टरच्या काळात जे सर्किट घराघरांत पोहोचलं, त्याचं मूळ अ‍ॅलन ब्लुमलाइन यांच्या १९३६च्या पेटंटमध्ये आहे. स्टिरिओ ध्वनीचं पेटंट घेणारे ब्लुमलाइन ते हेच. यात दोन व्हॉल्व्ह एकाच रेझिस्टरवर पाय टेकून उभे असतात आणि फक्त दोन सिग्नलमधला फरक वाढवतात. आजच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यात अशीच जोडी बसलेली असते.

ही जोडी म्हणजे तराजू. तराजूच एका बाजूला झुकलेला असेल तर बाकी सगळं कितीही चोख असून उपयोग नाही.

१९४७: घरी बनवायचा अ‍ॅम्प

एप्रिल आणि मे १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा लेख दोन भागांत आला. त्यात एका अ‍ॅम्प्लिफायरचा पूर्ण आराखडा होता. केटी६६ व्हॉल्व्हची जोडी, १५ वॅट ताकद, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याहून कमी. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हौशी लोकांनी तो आपापल्या घरी बनवला.

विल्यमसननी २० डेसिबल फीडबॅक वापरला होता, म्हणजे चुका साधारण दहापट कमी. तरीही त्यांनी जुळवणं सोडलं नाही. यादीतल्या काही रेझिस्टरची किंमत नेमकी किती आहे यापेक्षा ते जोडीने सारखे आहेत की नाही, याला महत्त्व होतं. सिग्नलचे दोन उलटे भाग करणाऱ्या टप्प्यात वर आणि खाली समान रेझिस्टर हवे असतात. दोन्ही २२ किलोओहमऐवजी २३ निघाले तर चालेल; एक २१ आणि दुसरा २३ नको.

हे वाचलं तेव्हा मला जुळवण्याचा खरा अर्थ कळला. बाजारात ‘अचूक’ वस्तू महाग मिळते, ‘सारखी’ वस्तू मात्र स्वस्तात मिळवता येते. त्यासाठी दहाऐवजी तीस रेझिस्टर घ्यायचे, एक मीटर आणि एक संध्याकाळ खर्च करायची. मीटर स्वतः २ टक्के चुकत असला तरी बिघडत नाही, कारण तो दोघांनाही तेवढाच चुकीचा मोजतो. तुलना खरी राहते.

कारखान्यावर ज्यांचा काही ताबा नव्हता, अशा लोकांच्या हातात सारखेपणा आला तो असा.

नापासांचा बाजार

त्याच १९४७च्या डिसेंबरमध्ये बेल लॅब्जमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला. सुरुवातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर फार बेभरवशाचे होते. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर बनलेले नगही एकमेकांसारखे नसायचे. कारखाने बनवल्यानंतर मोजायचे आणि मग ठरवायचे की कुणाला कुठलं नाव द्यायचं.

हौशी मंडळींच्या वाट्याला काय आलं ते यातूनच ठरलं. रेथिऑन कंपनी श्रवणयंत्रांसाठी सीके७१८ हा ट्रान्झिस्टर बनवायची. त्या परीक्षेत नापास झालेले नग १९५३ मध्ये सीके७२२ या नावाने सर्वसामान्यांना विकायला काढले. आधी साडेसात डॉलरच्या आसपास असलेली किंमत काही वर्षांत एक डॉलरच्या आत आली. अमेरिकेतल्या कितीतरी पोरांनी पहिला रेडिओ या नापास ट्रान्झिस्टरवर बनवला. नापास असले तरी ते निरुपयोगी नव्हते. फक्त कोणता किती चांगला आहे, ते मोजून बघायचं काम आता विकत घेणाऱ्याचं होतं.

मोठ्या ताकदीच्या अ‍ॅम्पमध्ये वेगळीच अडचण होती. करवतीचं एक टोक एनपीएन ट्रान्झिस्टरने ओढायचं, दुसरं पीएनपीने, ही सगळ्यात सरळ रचना. पण मोठ्या करंटची अशी जुळणारी जोडी मिळायची नाही. १९५६ मध्ये आरसीए कंपनीतल्या एच. सी. लिन यांनी तोडगा काढला: मोठे ट्रान्झिस्टर दोन्ही एकाच जातीचे लावायचे आणि वर-खालीचा फरक त्यांच्या आधीच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर सोपवायचा.

मामांच्या अ‍ॅम्पमध्ये चारही २एन३०५५ एकाच जातीचे का होते, ते मला इथे उमगलं. तो लिन यांचाच आराखडा होता.

याच काळाने जुळवण्याचा अजून एक धडा दिला. १९६६ मध्ये लंडनमध्ये ‘फझ फेस’ हा गिटारचा पेडल आला, जिमी हेंड्रिक्सने गाजवलेला. आत फक्त दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर. एका पेडलचा आवाज मधासारखा, दुसऱ्याचा कर्कश, कारण आतले ट्रान्झिस्टर वेगळे. हा पेडल घरी बनवणारे आजही ट्रान्झिस्टर मोजूनच लावतात. पण इथे दोघे सारखे नको असतात. पहिला कमी गेनचा आणि दुसरा जास्त गेनचा हवा असतो. जुळणं म्हणजे नेहमी एकसारखं असणं नव्हे.

त्यात एक फसगतही आहे. जर्मेनियम गळतो. बेसला काहीही दिलं नाही तरी थोडा करंट वाहतच राहतो, आणि साधा मीटर ही गळतीही गेनमध्येच धरतो. त्यावरची युक्ती सोपी आहे. ९ व्होल्टची बॅटरी घ्यायची आणि कलेक्टरला २४७२ ओहमचा रेझिस्टर लावायचा. बेस मोकळा ठेवून या रेझिस्टरवरचा व्होल्टेज वाचायचा. ही झाली गळती. मग बेसला २.२ मेगओहममधून करंट द्यायचा आणि पुन्हा वाचायचं. दुसऱ्यातून पहिला आकडा वजा केला आणि १००ने गुणलं की खरा गेन. गळती १०० मायक्रोअँपिअर असेल तर ती एकटीच मीटरला सुमारे २५ गेनचा भास करून देते.

जुळी भावंडं

१९६०च्या दशकात कारखान्यांना तिसरी वाट सापडली. फेअरचाइल्ड कंपनीतले बॉब विडलर यांच्या लक्षात आलं की सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेजारी शेजारी बनलेले ट्रान्झिस्टर एकमेकांशी विलक्षण जुळतात. चकतीवरच्या रेझिस्टरची किंमत ठरवल्यापेक्षा २० टक्के चुकेल, पण शेजारचाही तेवढाच चुकेल. मग सर्किटच असं आखायचं की ते किमतींवर नाही, जोडीच्या सारखेपणावर अवलंबून राहील. त्यांची १९६५ची ७०९ ही चिप याच विचारातून आली. आज तुमच्या फोनमध्ये आवाज हाताळणाऱ्या चिपमध्येही अशा असंख्य जुळ्या जोड्या आहेत.

म्हणजे सारखेपणा मिळवायच्या एकूण तीन वाटा झाल्या. मोजून निवडायचं, फीडबॅकने सांभाळून घ्यायचं, किंवा एकाच पाळण्यात जन्माला घालायचं. तिसरी वाट सगळ्यात चांगली, पण ती फक्त कारखान्याला परवडते. सुट्या भागांपासून घरी अ‍ॅम्प बनवणाऱ्याच्या हातात पहिल्या दोनच राहतात.

आता पंख्याचं

जुळ्या भावंडांचा अजून एक फायदा असतो: चकतीवर शेजारी असल्यामुळे त्यांचं तापमान एकच असतं. सुट्या ट्रान्झिस्टरचं तसं नाही.

ट्रान्झिस्टर चालू व्हायला बेस आणि एमिटरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट लागतो. तापमान एक अंश सेल्सियस वाढलं की हा व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण समजा ट्रान्झिस्टर चिमटीत धरला आणि तो ५ अंश तापला. १० मिलिव्होल्टचा फरक पडला. तेवढ्याने, बेसचा व्होल्टेज तोच ठेवला तर, करंट जवळजवळ दीडपट होतो. आणि चांगली जोडी म्हणजे २ मिलिव्होल्टच्या आत जुळलेली, असं बरेच हौशी लोक धरून चालतात. म्हणजे बोटांची ऊब ती अख्खी मोजणी उधळून लावू शकते.

मीही एकदा रात्रभर बसून वीस ट्रान्झिस्टर मोजले, जोड्या लावल्या आणि सकाळी पुन्हा मोजल्यावर निम्म्या जोड्या तुटलेल्या निघाल्या. ट्रान्झिस्टर बदलले नव्हते. पहिले काही मी बोटांनी धरून लगेच मोजले होते, नंतरचे चहा पिऊन निवांतपणे. शिवाय डोक्यावर पंखा फिरत होता. त्याचा वारा मोजणाऱ्या ट्रान्झिस्टरवर कधी लागायचा, कधी माझ्या हाताने अडायचा.

तेव्हा मामांचं वाक्य समजलं. ‘सारखे’ हा ट्रान्झिस्टरचा अंगभूत गुण नसतो. तो ‘या तापमानाला, या करंटवर, इतका वेळ थांबल्यावर सारखे’ असा पूर्ण वाक्यातच खरा असतो. त्यामुळे आता मी ट्रान्झिस्टर चिमट्याने लावते, मनात साठ मोजते, मग आकडा वाचते. एक ट्रान्झिस्टर ‘साक्षीदार’ म्हणून वेगळा ठेवते आणि दर पाच नगांनंतर तो पुन्हा मोजते. त्याचा आकडा सरकला तर खोलीच सरकली आहे.

मेहनत फुकट होती का?

मूळ प्रश्नाचं उत्तर अर्धं ‘हो’ आहे. शेवटच्या टप्प्यातल्या २एन३०५५चा गेन थोडा वेगळा असता तरी फीडबॅकने बहुतेक फरक झाकला असता. सगळंच जुळवत बसणं ही श्रद्धा झाली, आणि त्या श्रद्धेवर ‘मॅच्ड पेअर’च्या नावाने दामदुप्पट किंमत लावणारा बाजारही उभा आहे. वेळ घालवायचा तो पहिल्या टप्प्यातल्या जोडीवर, सिग्नलचे दोन भाग करणाऱ्या रेझिस्टरवर, आणि स्टिरिओ असेल तर डाव्या-उजव्या चॅनलच्या आवाजाची पातळी ठरवणाऱ्या भागांवर.

उरलेलं अर्धं उत्तर मला अ‍ॅम्प पुन्हा उघडल्यावर मिळालं. मी बसवलेल्या नव्या जोडीतला एक काही महिन्यांत गेला. त्याची टोपी कापून बघितली तर मोठ्या टोपीत नखाच्या टोकाएवढी सिलिकॉनची चकती. वर नाव २एन३०५५चं, आत भलतंच कुणीतरी. बसवण्याआधी अर्ध्या अँपिअरवर गेन मोजला असता तर बहुधा तेव्हाच संशय आला असता. मामा जोडी जुळवत होते, पण त्या निमित्ताने प्रत्येक नगाची ओळख तपासली जात होती.

आज ही तपासणी जास्त गरजेची झाली आहे. फोनो प्रीअ‍ॅम्पसाठी नावाजलेला तोशिबाचा २एसके१७० घ्या. त्याचं उत्पादन थांबलं आणि नकली नगांचा सुळसुळाट झाला. खऱ्याची खूण माहितीपत्रकात आहे: गेट आणि सोर्स एकत्र जोडून, १० व्होल्ट देऊन वाहणारा करंट मोजला तर ‘जीआर’ गटाचा २.६ ते ६.५ मिलिअँपिअर, ‘बीएल’चा ६ ते १२, ‘व्ही’चा १० ते २० भरला पाहिजे. एक बॅटरी, एक मीटर आणि एक मिनिट. छापलेल्या नावावर विश्वास ठेवायचा की नाही, ते एवढ्यात बरंच कळतं.

मागच्या महिन्यात मी दहा २एन३०५५ आणले. दोन पहिल्याच फेरीत बाद झाले. उरलेल्या आठातून एक जोडी निघाली: ४७ आणि ४८. बसवण्याआधी मी ऑइलपेंटने टोप्यांवर आकडे लिहिले आणि मामांना फोटो पाठवला.

त्यांचं उत्तर आलं, “किती करंटवर?”

मी पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं: तारीख, खोलीचं तापमान २८ अंश, करंट ०.५ अँपिअर, थांबा ६० सेकंद, पंखा बंद.